मेक्सिकन पद्धतीच्या भाजक्या मक्याचं पास्ता सॅलड : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या स्वयंपाकघरांसाठी नेहमीचे प्रश्न

हा पदार्थ नेमका आहे तरी काय?

मेक्सिकोत रस्त्यावर निखाऱ्यावर भाजलेलं किंवा उकडलेलं कणीस मिळतं. त्याला काडी खोचतात, वरून मेयोनेझ किंवा आंबट साय फासतात, खारट चीज भुरभुरतात, तिखट टाकतात आणि लिंबू पिळतात. ते एलोते. तेच दाणे सुटे करून पेल्यात घालून चमच्यानं खायला दिले की एस्कितेस. दोन्ही शब्द तिथल्या नाहुआत्ल भाषेतून आलेत. याच चवीत थंड पास्ता मिसळायची रीत मात्र अमेरिकेतल्या घरांतली आहे. मेक्सिकोच्या रस्त्यावर असं सॅलड मिळत नाही.

आपल्याला ही चव परकी वाटत नाही. पावसाळ्यात गाड्यावरचं कणीस घेतलं की त्यावर मीठ-तिखटात बुडवलेली लिंबाची फोड फिरवलेली असतेच. मका आणि मिरची दोन्ही मूळची मेक्सिकोच्या बाजूची. लिंबू, कोथिंबीर आणि दूधदुभतं मात्र स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलं. आपल्या कणसापेक्षा इथे दोनच गोष्टी जास्त आहेत : स्निग्धपणा आणि खारट चीज.

सहा जणांना किती साहित्य लागेल?

कोरडा पास्ता २५० ग्रॅम. स्वीट कॉर्नची मध्यम कणसं ४, म्हणजे साधारण ३ कप दाणे. मेयोनेझ अर्धा कप, चक्का अर्धा कप. कागदी लिंबं २, रस अंदाजे २ मोठे चमचे. खारवलेलं पनीर किंवा फेटा चीज १०० ते १२० ग्रॅम. लसणाची १ पाकळी. ब्याडगीचं तिखट १ चहाचा चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा. कांद्याची पात २ काड्या, हिरवी मिरची १, कोथिंबीर मूठभर, तेल २ चमचे, मीठ.

मका आणि शिजलेला पास्ता डोळ्यांना जवळजवळ सारखा दिसला पाहिजे. मका कमी पडला तर ते मेयोनेझ लावलेलं साधं पास्ता सॅलड होतं, आणि त्यासाठी एवढी खटपट करण्यात अर्थ नाही.

स्वीट कॉर्न घ्यावं की देशी मका?

सॅलडसाठी स्वीट कॉर्न सोपं. मेक्सिकोत एलोतेला स्वीट कॉर्न क्वचितच वापरतात. तिथला मका पांढरा, पिठूळ, चावायला घट्ट असतो. त्या दृष्टीनं आपल्याकडचं देशी कणीस मूळ चवीच्या जास्त जवळचं आहे, पण ते कोवळं मिळालं तरच. नखानं दाणा टोचल्यावर पांढरं दूध उडालं तर घ्या. दूध न येता पीठ निघालं तर ते कणीस भाजून गरमागरम खायला चांगलं, थंड सॅलडमध्ये दाणे खड्यासारखे लागतात.

देशी कणसं वापरायची असतील तर सोलून, मीठ घातलेल्या पाण्यात, कुकरला ३-४ शिट्ट्या द्या. मग पुसून कोरडी करून भाजा. स्वीट कॉर्न उकडायची अजिबात गरज नाही. उकडलं की दाण्यात पाणी भरतं आणि पुढचं भाजणं वाया जातं.

कणीस सालीसकट आणा, आणलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वापरा. तोडल्यानंतर दाण्यातल्या साखरेचं पीठ होत जातं, उष्ण जागी तर भराभर. गुरुवारी आणलेलं कणीस रविवारी तितकं गोड लागत नाही, त्याचं कारण हेच.

मका भाजायचा कसा? गॅसवर की तव्यावर?

शेगडी आणि कोळसा असेल तर त्याला तोड नाही. नसेल तर गॅसवर जाळी ठेवून अख्खं कणीस मध्यम आचेवर फिरवत भाजा, ८ ते १० मिनिटं. सगळं काळं करायचं नाही. साधारण दर चौथ्या दाण्यावर काळा-तपकिरी डाग हवा, बाकीचे पिवळे आणि चकचकीत. पूर्ण काळा झालेला दाणा कडू लागतो आणि ती कडवट चव मेयोनेझमध्ये उतरते.

भाजलेलं कणीस कोमट होऊ द्या. मग परातीत उभं धरा आणि धारदार सुरीनं वरून खाली दाणे कापा. सुरी दाण्याच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंतच जाऊ द्या. बुंध्याला लागली की दाण्याबरोबर कडक कुसळं येतात, ती दातात अडकतात. दाणे दोन-चार एकत्र चिकटून पट्ट्या पडल्या तर तशाच ठेवा, खाताना त्या छान लागतात.

सुटे दाणे भाजायचे असतील तर बिडाचा तवा किंवा जाड लोखंडी कढई घ्या. नॉनस्टिक नको. ती एवढी तापवणं बरं नाही, आणि कमी तापली तर दाण्यावर डाग पडत नाही. तवा धूर निघेपर्यंत तापवा, एक चमचा तेल घाला, दाणे एका थरात पसरा आणि दोन मिनिटं हात लावू नका. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. सतत हलवलं की एकही दाणा तव्याला टेकून राहत नाही. दोन मिनिटांनी खालून चुरचुर आवाज बारीक होतो, भाजक्या लाह्यांसारखा वास येतो, तेव्हा एकदा उलटा आणि पुन्हा दीड-दोन मिनिटं सोडा. दाणे फटाफट उडतात, म्हणून वर अर्धवट झाकण धरा. पूर्ण झाकलंत तर वाफ कोंडते.

इतकं करूनही आमचे दाणे भाजत नाहीत, शिजतात. का?

तीन कारणं. पहिलं, दाणे ओले होते. दुसरं, एकाच वेळी तीन कप घातले. दाण्यांतून सुटणारं पाणी आधी उडावं लागतं, आणि ते उडेपर्यंत दाणा मऊ होऊन जातो. दोन किंवा तीन घाण्यांत भाजा. तिसरं, मीठ आधीच टाकलं. मिठानं पाणी सुटतं. मीठ खाली उतरवल्यावर.

या सॅलडमध्ये जे काही बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यानं बिघडतं. दाण्यातलं पाणी, पास्त्यातलं पाणी, दह्यातलं पाणी. पुढच्या उत्तरांतही तेच पुन्हापुन्हा येईल.

फ्रोझन दाणे चालतील का? डब्यातले?

फ्रोझन चालतात. आदल्या रात्री चाळणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी सुती पंच्यावर पसरून दाबून पुसा, मग भाजा. थेट फ्रीझरमधून तव्यावर टाकू नका. डब्यातले दाणे आधीच शिजलेले असतात. ते निथळून, पुसून भाजले तर डाग पडतात, पण चव फिकी राहते. कणसं मिळत असताना डबा फोडू नये.

पास्ता कुठला घ्यायचा?

पिळाचा, म्हणजे फुसिली. पिळांच्या खाचांत चीजचा चुरा आणि ड्रेसिंग अडकून बसतं. शंखाच्या आकाराचा असेल तर त्याहून गंमत, कारण दाणा आत जाऊन बसतो. पेने चालतो. स्पॅगेटी नको, दाणे तळाशी जातात आणि काट्यावर नुसते दोरे येतात.

आकारापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पाकिटावर घटक वाचा. ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला पास्ता गार झाल्यावरही आकार धरतो. किराणा दुकानात सुटी मिळणारी मॅकरोनी बऱ्याचदा मैद्याची असते. ती शिजताना कडा विरघळतात आणि मेयोनेझ लागलं की लगदा होतो. तीच हाताशी असेल तर दोन मिनिटं कमी शिजवा आणि त्याच जेवणात संपवा.

चिकोडी-रायबागकडे खपलीचा गहू पिकतो आणि त्याच्या शेवया घरोघरी असतात, म्हणून त्या घालून बघाव्यात असं वाटू शकतं. नका घालू. शेवया बारीक असतात, ड्रेसिंगमध्ये दहा मिनिटांत फुगतात. त्यांची जागा खिरीत आणि उपम्यात.

किती मिनिटं शिजवायचा? पाकिटावरची वेळ आमच्याकडे कमी पडते.

पडणारच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी १०० नाही, ९७-९८ अंशांच्या आसपास उकळतं. तेवढ्या फरकानं पास्त्याला मिनिटभर जास्त लागतं. शिवाय हे सॅलड थंड खायचंय आणि गार झाल्यावर पास्त्यातला स्टार्च घट्ट होतो. म्हणून गरम पास्त्यासाठी सांगतात तसा दाताला कच लागेल इतका ठेवू नका. पाकिटावर ९ मिनिटं असतील तर इथे ११ धरा. एक तुकडा काढून सुरीनं आडवा कापा. मधोमध पांढरा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे. ठिपका नुकताच गेला की त्या क्षणी गॅस बंद.

पाणी अडीच लिटर, मीठ सव्वा ते दीड मोठा चमचा. पाणी खळखळ उकळल्यावरच पास्ता घाला. मीठ याच वेळी आत शिरतं, नंतर वरून घातलेलं मीठ फक्त ड्रेसिंग खारट करतं. पाण्यात तेल घालू नका, त्याचा उपयोग नाही.

शिजल्यावर गार पाण्यानं धुवायचा की नाही?

गरम पास्त्यासाठी धुवू नका असं सांगतात ते बरोबर, कारण वरच्या स्टार्चमुळे सॉस चिकटतो. सॅलडसाठी मात्र धुवा. शिजणं थांबतं आणि वरचा चिकटपणा जातो. धुतल्यावर चाळणी जोरात झटका, मग पास्ता ताटात पंच्यावर पसरून १० मिनिटं वाळू द्या. पिळांच्या आत पाणी लपून बसतं. हे वाळवणं चुकवलं की तासाभरानं भांड्याच्या तळाशी पातळ पांढरं पाणी जमतं. वाळल्यावर एक चमचा तेल चोळून ठेवा, म्हणजे तुकडे चिकटत नाहीत.

ड्रेसिंग सांगा.

मेयोनेझ आणि चक्का समभाग. त्यात किसलेला लसूण, ब्याडगीचं तिखट, जिरेपूड, लिंबाचा रस, अर्ध्या लिंबाची वरवर किसलेली साल. सालीचा हिरवा भागच घ्या, पांढरा कडू असतो. नीट फेटा आणि १५ मिनिटं ठेवा, तेवढ्यात तिखटाचा रंग खुलतो आणि लसणाचा कच्चेपणा बसतो.

साधं दही घालू नका. अर्धा किलो म्हशीच्या दुधाचं गोडसर दही फडक्यात ४-५ तास टांगलं की पुरेसा चक्का मिळतो. उरला तर त्याचं श्रीखंड करता येतंच. आंबट दह्याचा चक्का नको : लिंबू आहेच, दोन आंबटपणा एकमेकांवर चढतात.

अंडं चालत नाही. बिनअंड्याचं मेयोनेझ घरी होईल का?

होईल, आणि पाच मिनिटांत. उकळून गार केलेलं दूध पाऊण वाटी आणि वासरहित तेल दीड वाटी. दोन्ही खोलीच्या तापमानाला हवीत. उंच अरुंद भांड्यात दूध, त्यावर तेल, चिमूटभर मीठ, पाव चमचा मोहरीची पूड. हँड ब्लेंडर तळाला टेकवा आणि सुरू केल्यावर २०-२५ सेकंद तिथेच धरा. खालून पांढरं घट्ट वर चढताना दिसेल, तेव्हाच हळूहळू उचला. दाट झालं की शेवटी दोन चमचे लिंबाचा रस घालून पुन्हा फिरवा, अजून घट्ट होतं. सुरुवातीलाच ब्लेंडर वरखाली केला की तेल वेगळं राहतं. तसं झालं तर दुसऱ्या भांड्यात दोन चमचे दूध घेऊन त्यात फुटलेलं मिश्रण थोडंथोडं ओतत फिरवा, बहुतेक वेळा सावरतं.

शेंगदाण्याचं घाण्याचं तेल किंवा करडईचं वासाचं तेल वापरू नका. एरवी ती उत्तम, इथे मक्याची चव झाकतात. घरचं मेयोनेझ फ्रिजमध्ये ठेवून ३-४ दिवसांत संपवा.

कोतिहा चीज कुठे मिळणार? त्याऐवजी काय?

एलोतेवर भुरभुरतात ते खारट चीज म्हणजे कोतिहा, मेक्सिकोतल्या मिचोआकान प्रांतातलं, कोतिहा गावाच्या नावाचं. घट्ट, खारट, भुगा होणारं, वितळत नाही. आपल्याला त्याचे दोन गुण हवेत : खारटपणा आणि कोरडा चुरा.

पनीरपासून ते जमतं. १५० ग्रॅम पनीर हातानं ज्वारीच्या दाण्याएवढं कुस्करा, पाऊण चमचा मीठ आणि एक चमचा लिंबाचा रस लावा, ताटात पसरून न झाकता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते कोरडं, किंचित पिवळसर आणि दाताला करकरीत झालेलं असतं. पाणी सुटून वजन कमी होतं, म्हणून सुरुवातीला १५० घ्या. ताजं मऊ पनीर तसंच घातलं तर सॅलड आजाऱ्याच्या पथ्यासारखं फिकं लागतं. फेटा मिळाला तर आयतं काम, मात्र पाण्यातून काढून पुसून घ्या. प्रोसेस्ड चीजचे क्यूब किसून चालवता येतात, पण ते मेयोनेझमध्ये चिकट होतात, म्हणून वाढताना वरून.

तिखट कुठलं? संकेश्वरी घातलं तर?

ब्याडगी मुख्य. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाची ही मिरची रंगाला गडद आणि जिभेला सौम्य, तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मेक्सिकन सौम्य सुक्या मिरच्यांच्या जागी ती चपखल बसते. संकेश्वरी झणझणीत आहे. एक चमचा ब्याडगीला पाव चमचा संकेश्वरी पुरे, आणि तीही वरून भुरभुरायला. ड्रेसिंगमध्ये भरपूर घातली तर पहिल्या घासाला कळत नाही, कारण मेयोनेझ तिखटपणा झाकतं. चौथ्या घासाला घसा धरतो.

वर्षभराची कांदा-लसूण चटणी मात्र घालू नका, मन कितीही झालं तरी. तिच्यात खोबरं, तीळ, धणे, गरम मसाला असतो. एक चमचा पडला की मक्याच्या उसळीची चव येते.

धुराचा वास हवा असेल तर भाजलेल्या दाण्यांनाच कोळशाचा धुंगार द्या : वाटीत लाल निखारा, त्यावर तुपाचे दोन थेंब, झाकण, दोन मिनिटं. मेयोनेझ मिसळल्यावर धुंगार देऊ नका, वास जड होतो.

मिसळायचा क्रम काय?

सगळं गार झाल्यावरच. कोमट पास्त्यावर मेयोनेझ घातलं की ते पातळ होऊन तेल सुटतं.

आधी पास्ता आणि दोन-तृतीयांश ड्रेसिंग. मग मका, कांद्याची पात, बारीक मिरची. मग अर्धं चीज. झाकून फ्रिजमध्ये अर्धा ते एक तास. वाढायच्या वेळी राहिलेलं ड्रेसिंग, कोथिंबीर, उरलेलं चीज, वरून तिखट आणि लिंबाच्या फोडी. मीठ अगदी शेवटी, चीज मिसळून चव घेतल्यानंतर. कोथिंबीर आधी घातली तर लिंबानं काळपट पडते.

दोन तासांनी सॅलड कोरडं झालं. की मी ड्रेसिंग कमी केलं?

नाही. पास्ता ड्रेसिंग पितो, ते व्हायचंच. म्हणून तर एक-तृतीयांश मागे ठेवायला सांगितलं. तेही संपलं असेल तर दोन चमचे दूध आणि थोडा लिंबाचा रस फेटून घाला. पाणी घालू नका आणि नुसतं मेयोनेझही नको, तेलकट होतं.

आणि उलट, पाणी सुटलं तर?

निथळा, त्यात दोन चमचे चक्का आणि मूठभर कोरडं पनीर घाला. पुढच्या वेळी टोमॅटो आणि काकडी घालू नका. बहुतेकदा गुन्हेगार तेच. ढबू मिरची चालते, बिया काढून. बटरफ्रूट (ॲव्होकाडो) आवडत असेल तर ते ताटात वाढताना वरून.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी?

पात आणि लसूण वगळा, बिनअंड्याचं मेयोनेझ घ्या. मिरचीबरोबर अर्धा चमचा आलं किसून आणि चिमूटभर हिंग तेलात फुलवून घातलं की उणीव भासत नाही. बाहेरचं चीज घ्यायचं असेल तर त्यात प्राणिज रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध गोठवणारं द्रव्य) आहे का ते पाकिटावर बघा. घरच्या पनीरला तो प्रश्न येत नाही.

किती टिकतं? आंबोलीला किंवा गोकाक धबधब्याला नेता येईल का?

फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं, तिसऱ्या दिवशी खाण्याजोगं पण मऊ. बाहेर दोन तासांच्या वर नको, एप्रिल-मेमध्ये एक तास. फ्रीझरमध्ये ठेवू नका, मेयोनेझ फुटतं. लाईट गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद फ्रिजमध्ये चार तासांपर्यंत धोका नाही.

सहलीला नेताना मिसळून नेऊ नका. पास्ता आणि मका एका डब्यात, ड्रेसिंग बरणीत, चीज-कोथिंबीर तिसऱ्या छोट्या डब्यात. आदल्या रात्री पाण्याच्या दोन बाटल्या गोठवा आणि ड्रेसिंगची बरणी त्यांच्यामध्ये जाड पिशवीत ठेवा. चोर्ल्यानं गोव्याला जातानाही ती गार राहते. बाटल्यांचं पाणी नंतर प्यायला होतं.

पंचवीस जणांना करायचं असेल तर सगळं चौपट करायचं का?

पास्ता १ किलो, मका १६ कणसं, चीज ४५० ग्रॅम, म्हणजे जवळपास चौपट. पण लिंबू, मीठ आणि तिखट तिप्पटच घालून चव घ्या, मग वाढवा. पास्ता दोन पातेल्यांत शिजवा. एका पातेल्यात किलोभर टाकला की उकळी बसते आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. मका आदल्या दिवशी भाजून ठेवता येतो, दाणे सुटे, झाकून, फ्रिजमध्ये. पनीरही आदल्या रात्रीच. ड्रेसिंग सकाळी. पंगतीच्या अर्धा तास आधी मिसळा आणि मोठ्या परातीत न ठेवता दोन खोल भांड्यांत ठेवा. एक वाढायला, दुसरं फ्रिजमध्ये.

कशाबरोबर वाढायचं?

कोळशावर भाजलेलं चिकन, मासा किंवा पनीर. नुसतं खायचं असेल तर ज्वारीची कडक भाकरी मोडून बाजूला ठेवा, चमच्याऐवजी तिचा तुकडा वापरता येतो. मठ्ठा नको, दह्यावर दही होतं. कोकम सरबत बरं.